फ्लेक्सची पांढरी बाजू

आमच्या वाडीत कोणी काही पास झालं की त्याचं तोंड रस्त्यावर टांगतात. वाडीच्या सुरुवातीला एका बाजूला विजेचा खांब आहे, दुसऱ्या बाजूला नारळ. त्या दोघांच्या मधे फ्लेक्स. नर्स झाली, फ्लेक्स. बोटीवर लागला, फ्लेक्स. पोलिसात निवडला गेला, फ्लेक्स, आणि खाली कोपऱ्यात नगरसेवकाचं तोंड फुकट. इतके खिळे ठोकल्यामुळे त्या नारळाला हल्ली फळ कमी धरतं असं माझं मत आहे, पण मला विचारतो कोण.

लिताचा फ्लेक्स मात्र दोनदा टांगला गेला. असं वाडीत दुसऱ्या कोणाचं झालेलं नाही, म्हणून सांगते.

लिता म्हणजे एस्तेलिता मागबानुआ, चर्चच्या मागच्या बालवाडीतली बाई. वाडीतली निम्मी माणसं पहिलं अक्षर तिच्याकडे शिकली. माझी धाकटी दोन मुलं शिकली, सगळी नातवंडं शिकली. सगळे तिला टीचर म्हणतात. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. पण कागद म्हणाल तर तिच्याकडे हायस्कूलचा होता, पुढचा नाही. हायस्कूल संपलं आणि वडील गेले. आई अंथरुणाला, आणि धाकटा भाऊ रॉमी अभ्यासात तल्लख. अशा वेळी आमच्याकडे थोरल्या बहिणीला कोणी काही विचारत नाही, आणि कोणी विचारेल म्हणून तीही थांबत नाही. लिता पहाटे मासे चिरून वाळत घालायची, मग हात लिंबानं चोळून बालवाडीत जायची. रॉमी खलाशांच्या कॉलेजात शिकला. पदवीच्या दिवशी आमच्याकडे पोरगं एकटं स्टेजवर जात नाही, आईबाप बरोबर चालतात, कारण कागद एकाच्या नावाचा असला तरी घाम सगळ्यांचा असतो. रॉमीबरोबर लिता चालली होती. अंगात माझ्या सुनेचा झगा होता, तिला आखूड झालेला. रॉमीचा काळ्या झग्यातला, चौकोनी टोपीतला फोटो अजून तिच्या भिंतीवर आहे, खाली क्रोशाचा रुमाल. त्याच्या शेजारी तेवढीच मोकळी जागा होती. पाल सोडली तर तिथे कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता कॉलेजचं सांगते. सान रोकेला जुन्या बाजाराच्या माडीवर आमच्या नगराचं कॉलेज आहे. खाली मासळी, वर वर्ग. पोरं हसतात, म्हणतात आमच्या पदवीला सुकटीचा वास येतो. त्या जिन्याखाली मी इबोस विकते, माडाच्या पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण इतकी वर्षं मी कॉलेजात आहे, फक्त खालच्या बाजूला आहे. फळ्या जुन्या आहेत, वरचं सगळं खाली गळतं. हिशेबाचे मास्तर रागावले की मला कळतं, इतिहासाच्या बाईंना झोप आली की तेही कळतं.

कॉलेज म्हणजे काय, असं वाडीत कोणाला विचारलंत तर एकच उत्तर मिळेल: इथून बाहेर पडायचं दार. शाळेत शिकायचं ते हायस्कूलला जाण्यासाठी, हायस्कूल कॉलेजला जाण्यासाठी, आणि कॉलेज बोटीवर, विमानात, दुसऱ्यांच्या देशातल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला जाण्यासाठी. यात खोटं काही नाही. आमची छपरं त्याच दारातून आलेल्या पैशांनी बांधलेली आहेत. पण गाव सोडायला लागू नये म्हणून कॉलेजात गेलेलं एकच माणूस मी पाहिलं, आणि ते म्हणजे लिता. तेही पन्नाशी उलटल्यावर.

झालं असं की वरून हुकूम आला: यापुढे लहान मुलांना शिकवायचं तर कॉलेजची पदवी पाहिजे. मुदत दिली होती. मुदतीत कागद आला नाही तर बालवाडीवर शहरातून नवी टीचर येणार आणि लितानं घरी बसायचं. फार तर झाडलोट करायला राहा म्हणाले.

त्या दिवशी ती माझ्या टपरीवर येऊन बसली. इबोस सोलला आणि हातातच धरून राहिली.

"नानाय इस्यांग, सगळ्यात खालच्या पायरीवर टिकायचं म्हणून मला सगळ्यात वरच्या पायरीवर चढायला सांगतायत," ती म्हणाली. मला सगळे नानाय म्हणतात, म्हणजे आई.

"मग चढ," मी म्हटलं. "जिना इथेच आहे, माझ्या डोक्यावर."

"गुडघे दुखतात."

"कठड्याला धर. आणि तो भात खा आधी, माशी बसेल."

ती चढली. पहिल्या दिवशी शिपायानं तिला पालकांच्या बाकावर बसवलं. वर्गातली पोरं तिला नानाय म्हणायची, आधी थट्टेनं आणि मग खरंच, कारण सुई-दोरा, डोकेदुखीची गोळी आणि खारवलेला मासा हे तिच्या पिशवीत कायम असायचं. ती पोरं तिला फोनवर लिहायला शिकवायची. सकाळी बालवाडी, दुपारी कॉलेज. जिन्यावर तिची चप्पल मी ओळखायचे: दोन पायऱ्या, थांबा, दोन पायऱ्या, थांबा.

खरं सांगते, मला वाटायचं की हिला कोण काय शिकवणार. इतकी वर्षं पोरं सांभाळली हिनं, वरच्या त्या शिकवणाऱ्या मुलींची लग्नंसुद्धा झालेली नाहीत. वाडीत सगळे हेच म्हणायचे, कागदाचं नाटक आहे म्हणून. लिताही सुरुवातीला तेच म्हणायची.

मग एका दुपारी ती जिना उतरली आणि इबोस न घेताच बाकावर बसली.

"काय गं, नापास केलं की काय?"

"नाही. आज मॅम होवेलिननी एक गोष्ट सांगितली," ती म्हणाली. मॅम होवेलिन ताक्सागोन म्हणजे तिची शिक्षिका. लिताची मुलगी शोभेल अशा वयाची, लिताला मुलगी असती तर. "म्हणाल्या, जे मूल उत्तर देत नाही ते हट्टी असेलच असं नाही. त्याला ऐकू येतं का ते आधी बघा."

"बरं मग?"

"मग माझी आइरा."

आइरा म्हणजे जाळी विणणाऱ्या मेर्सीची मुलगी. हाक मारली तर बघायची नाही, गाणं म्हणायची नाही, खिडकीशी बसून शेळ्या बघायची. लिता तिच्यावर कधी रागावली नाही, तिला खिडकीची जागा देऊन टाकली होती. वाडीत सगळे म्हणायचे, बापावर गेली, तोही कोणाचं ऐकत नाही. दुसऱ्या सकाळी लितानं तिच्या मागे उभं राहून भाताच्या टोपाचं झाकण फरशीवर टाकलं. बाकीची पोरं दचकून उठली. शेळ्या पळाल्या. आइरा खिडकीबाहेर बघत राहिली, शेळ्या का पळाल्या ते तिला कळेना.

दवाखान्यात नेली. एक कान बंद, दुसऱ्यात थोडंसं. त्या दिवसापासून आइराची जागा पुढे आली, आणि लिता तिच्याशी बोलताना खाली बसून, तोंडासमोर तोंड आणून बोलायला लागली. कॉलेजची पोरं काय शिकतात ते मला तेव्हा कळलं. कागदाचं नाटक हा शब्द लितानं पुन्हा काढला नाही, आणि मीही.

अभ्यासात ती तरली, हिशेबातसुद्धा. अडकली ती पाठात. शेवटच्या वर्षी मुलांसमोर पाठ घ्यावा लागतो, मागे शिक्षिका बसून बघते. लिताचा पाठ सान रोकेच्या शाळेत होता. तिनं आठवडाभर खपून तक्ते केले, रंगीत कडा लावल्या, आणि उभी राहिली ती मॅम होवेलिनकडे तोंड करून. आवाज असा चढला, जशी रेडिओवर वादळाची बातमी. बालवाडीत जी बाई मुलांच्यात मूल होऊन बसते, तिनं भिंतीला शिकवलं.

मॅम होवेलिन म्हणाल्या, "मिस मागबानुआ, तुम्ही मलाच शिकवत होता. मुलं मागे राहिली." नापास. पण पुढे म्हणाल्या, "मार्चमध्ये एक संधी आहे. मी तुमच्या बालवाडीत येईन. तिथे घ्या."

ती शेवटची संधी. ती गेली की आणखी एक वर्ष, आणि तोवर मुदत संपलेली. लितानं हे वाडीत कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मी जिन्याखालीच असते.

आता रॉमीची गंमत. तो बोटीवर इंजिनात असतो. त्याला लांबच्या कोणा भाचीनं कळवलं की मानांगचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, शेवटचा पाठ आहे. झालं. त्यानं समुद्रातूनच सान रोकेच्या छपाईवाल्याला फ्लेक्स सांगितला. पाठाच्या आदल्या दिवशी दोन पोरं शिडी घेऊन आली, फ्लेक्स टांगला, आणि शिडी घेऊन गेली.

आम्ही सगळ्या बघायला जमलो. लिताचं तोंड दरवाजाएवढं. खाली काळा झगा, वर चौकोनी टोपी. 'अभिनंदन टीचर लिता, पदवीधर. तुझा प्रेमळ भाऊ, कॅप्टन रॉमी.' एका कोपऱ्यात रॉमी, दुसऱ्या कोपऱ्यात नगरसेवक, दोघंही हसतायत.

"अगं टीचर, सांगितलं नाहीस आम्हाला," मेर्सी म्हणाली. "शेवयांचं पान्सित कधी करतेस? शेवया तोडू नकोस हं, लांब ठेव. नोकरी लांब टिकते."

"ते अंग कोणाचं लावलंय?" दुसरी म्हणाली. "टाय आहे त्याला."

"खांदे बघ की. आमच्या वाडीचा न्हावी वाटतो."

लिता हसली, सगळ्यांना हो हो म्हणाली, आणि घरी जाऊन भावाला फोन लावला. मी तिच्या मागोमाग गेले होते. फोन मोठ्यानं लावायची तिला सवय आहे.

"मानांग, बघितलंस?" रॉमी म्हणाला. मागे इंजिनाची घरघर.

"रॉमी, मी अजून पास झाले नाही."

"म्हणजे? शेवटचा पाठ आहे ना?"

"उद्या आहे. द्यायचा आहे. आधीच्यात नापास झाले मी."

घरघर चालू राहिली. मग तो म्हणाला, "मग उद्या दे की. फ्लेक्स तयारच आहे."

"आणि तू कॅप्टन कधी झालास?"

"ते छपाईवाल्यानं घातलं. मी इंजिनीअर सांगितलं होतं, तो म्हणाला कॅप्टन उठून दिसतं."

"आणि ते टाय लावलेलं अंग?"

"तेही त्यानंच लावलं. तो झग्यातला फोटो मागत होता. तुझा झग्यातला फोटो कुठून आणू मी, मानांग? माझाच आहे घरात."

लितानं भिंतीकडे बघितलं आणि फोन ठेवला.

सकाळी मी इबोसची टोपली घेऊन बालवाडीकडे निघाले. आमच्याकडे पाठ बघायला आलेल्या माणसाला खाऊ न घालता पाठवत नाहीत, तेवढं काम मी घेतलं होतं. बघते तर लिता नारळाखाली उभी, हातात फळं काढायचा आकड्याचा बांबू, आणि फ्लेक्सशी झोंबतेय.

"मॅम याच रस्त्यानं येणार," ती म्हणाली. "त्यांनी पास करायच्या आधीच मी पास होऊन बसलेय. काय तोंड दाखवू?"

"तोंड तर दिसतंयच," मी म्हटलं. "ओढ जोरात."

एक दोरी तुटली, मग दुसरी, आणि फ्लेक्स तिच्या डोक्यावर येऊन पडला. तेवढ्यात तिकडून तीनचाकीचा आवाज. लितानं फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारली आणि आम्ही दोघी बालवाडीकडे पळालो, म्हणजे ती पळाली, मी चालले.

तिथे दुसरी पंचाईत. पाहुण्या येणार म्हणून मुलांच्या आयांनी आदल्या संध्याकाळी मोठ्या भक्तीनं सगळ्या चटया धुऊन ठेवल्या होत्या. एकही वाळलेली नव्हती. मुलं भिंतीला टेकून ओळीनं उभी. लितानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि काखेतला फ्लेक्स काढून फरशीवर पसरला. तोंड खाली, पांढरी बाजू वर. मुलं चपला काढून बसली. आपण आपल्या टीचरवरच बसलोय हे मुलांना काय माहीत.

मॅम होवेलिन आल्या, मागे लहानशा खुर्चीवर बसल्या. गुडघे हनुवटीला लागत होते बिचारीचे. लितानं तक्ते दोरीवर लावले. पाठ होता समुद्रातून काय काय येतं ते ओळखायचा आणि मोजायचा. ती उभी राहिली, छडी हातात घेतली, आणि तोंड उघडलं. मी दारात टोपली धरून उभी होते. आवाज परत तोच, रेडिओवरचा. डोळे मुलांच्या डोक्यावरून थेट मॅमच्या चेहऱ्यावर.

मुलं आधी तक्त्याकडे बघत होती, मग वाऱ्यानं हलणाऱ्या दोरीकडे बघायला लागली. आणि आइरा कशाकडेच बघत नव्हती. तिच्या फ्रॉकच्या खिशात चुलीतला कोळशाचा तुकडा होता. समोर ही एवढी पांढरी शुभ्र फरशी. तिनं वाकून होडी काढायला घेतली.

लिताचं लक्ष गेलं. ती अर्ध्या वाक्यात थांबली. तिच्या मनात काय आलं ते मला सांगता येणार नाही, पण मी जे पाहिलं ते सांगते. तिनं मॅम होवेलिनकडे पाहिलं, मग आइराकडे पाहिलं, आणि छडी कोपऱ्यात ठेवली. मग ती मॅमकडे चक्क पाठ करून आइरासमोर फरशीवर बसली, गुडघ्यांना हात लावत, आणि आइराच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "होडी कोणाची?"

आइरानं ओठांकडे बघितलं. "बा," ती म्हणाली. बापाची.

"बाच्या जाळ्यात काल काय आलं?"

आइरानं मासा काढला. मग दुसरा. बाजूचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे खेकडा आला आणि तो आजीला चावला. लिता म्हणाली, काढ तो खेकडा, आणि आजीही काढ. मी बालवाडीच्या चुलीतून विझलेले कोळसे आणून दिले. मग तक्त्यांकडे कोणी बघितलंच नाही. सगळी वाडी त्या पांढऱ्या फ्लेक्सवर उतरली. कोणाकडे किती मासे, कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी. एकाच्या घरी काहीच आलं नव्हतं, लितानं त्याला शून्य काढायला शिकवलं, आणि तो एवढा खूश झाला की त्यानं बरीच शून्यं काढली. मॅम होवेलिन कधी खुर्चीवरून उठल्या मला कळलं नाही. सँडल काढून त्या फ्लेक्सच्या कडेला बसल्या होत्या.

तेवढ्यात समुद्राकडून वारा आला आणि ती कडाच उलटली. खालून लिताचं अर्धं तोंड आणि टायची गाठ बाहेर आली.

मॅम होवेलिननी मान वाकडी करून बघितलं. "हे कोण?"

"आमची टीचर," खेकड्यावाला म्हणाला. "ती पास झाली."

"मी तर अजून सांगितलं नाही."

"पण त्याच्यावर लिहिलंय," तो म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं, घरी ऐकलं असेल.

लिताचा चेहरा असा झाला की ती त्या फ्लेक्सखालीच जाऊन झोपेल असं मला वाटलं. मी टोपली पुढे केली. अशा वेळी खाणं पुढे करावं, हे मला कोणत्याही कॉलेजनं शिकवलेलं नाही.

मॅम होवेलिननी एक इबोस खाल्ला, मग दुसरा घेतला. मुलं बाहेर खेळायला गेली. मग त्या म्हणाल्या, "मिस मागबानुआ, तक्ते का सोडलेत?"

"आइरा तक्त्याकडे बघत नव्हती, मॅम. तिला माझं तोंड दिसावं लागतं." लिता बोटांवरचा कोळसा पुसत होती. "मुलाला जे कळतं तिथून सुरू करा, हे तुम्हीच शिकवलं होतं. मला ते तोंडपाठ होतं. आधीच्या वेळी मी ते तोंडपाठच म्हणत राहिले. आणि तुम्ही आला नसता आयुष्यात, तर ती पोरगी अजून खिडकीशीच बसली असती. पास-नापास तुम्ही ठरवा, पण हे मला सांगायचं होतं."

मॅम होवेलिननी इबोसच्या पानाची घडी केली. डोळे भरले होते की भाताची वाफ लागली, मी विचारलं नाही. मग उठल्या, सँडल घातले, आणि दारातून म्हणाल्या, "निकाल कॉलेजातच लागेल, इथे मी काही बोलायचं नाही. पण तो फ्लेक्स घासू नका. दोऱ्या नवीन लागतील त्याला."

पदवीदान सान रोकेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर झालं, पत्र्याखाली, तापत. लिताबरोबर कोण चालणार हा प्रश्न होता. आईबाप नाहीत, भाऊ समुद्रात. ती मला म्हणाली, "नानाय, माझ्या चपलांचा आवाज सगळ्यात जास्त तुम्ही ऐकलाय." म्हणून मी चालले. या वेळी माझ्या सुनेचा झगा माझ्या अंगात होता, मला लांब झालेला. दुसऱ्या बाजूनं तिनं मेर्सीला विचारून आइराला घेतलं होतं. माझी दोन पावलं झाली की लिता थांबायची. या वेळी गुडघे माझे होते.

फ्लेक्स पुन्हा चढला. त्याच खांबाला, त्याच नारळाला. समोरून बघितलंत तर तीच टायवाली लिता. पण तो पूर्वेकडे तोंड करून टांगलाय, आणि संध्याकाळी पलीकडून ऊन आलं की मागचं सगळं पुढे उमटतं. काळ्या झग्यावर मासे, टोपीवर होडी, नगरसेवकाच्या गालावर शून्यं. मी फोटो रॉमीला पाठवायला सांगितला.

"माझ्या नाकावर खेकडा कोणी काढला?" तो फोनवर म्हणाला.

"माझ्या वर्गानं," लिता म्हणाली. "पुढच्या वर्षीही वर्ग माझाच आहे, कॅप्टन. सुट्टीला आलास की त्यांना येऊन रागव."

भिंतीवरच्या मोकळ्या जागेत आता तिचा फोटो आहे. अंग तिचंच आहे, मी नीट बघितलं.